समुद्र खाली होता

समुद्राची ओढ म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला विचारावे; रत्नागिरीच्या माणसाला विचारून उपयोग नाही. ज्याच्या परसदारीच समुद्र आहे तो त्याच्याकडे पाठ करून सुपारी सोलीत बसतो. आमची गोष्ट निराळी. झीरो माइलच्या दगडापाशी उभे राहून कोणत्याही दिशेला तोंड करा, समुद्र दूरच. मुंबईचा समुद्र गाठायचा तर आगगाडीने ८३७ किलोमीटर जावे लागते. आमच्याकडे पाणी नाही असे नव्हे. फुटाळा आहे, अंबाझरी आहे, रामटेकजवळ खिंडसी आहे. पण तलावाला पलीकडचा काठ असतो आणि काठ दिसला की डोळा तेथे जाऊन टेकतो. डोळ्याला टेकायला जागाच नाही असे पाणी विदर्भातल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी पाहावे, या मताचा मी पहिल्यापासून आहे.

म्हणून गेल्या दिवाळीत आमच्या धरमपेठेतल्या गल्लीतले एक कुटुंब मुलाबाळांसह मुंबईहून मोठ्या जहाजाच्या सहलीला, म्हणजे हल्लीच्या भाषेत क्रूझला, निघाले तेव्हा मला त्यांच्याइतकाच आनंद झाला. परत आल्यावर मंडळी भेटायला आली. त्यांची आठ वर्षांची मुलगी चिवड्याची बशी घेऊन माझ्या शेजारी बसली. मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, "काय गं, समुद्र कसा होता?"

तिने क्षणभर विचार केला. "समुद्र ना, आजोबा? समुद्र खाली होता."

पुढे मग घसरगुंडीचे वर्णन झाले, जादूच्या प्रयोगाचे झाले, आइस्क्रीम कितीही वेळा घेतले तरी कोणी रागावत नाही याचे झाले. खोलीत रोज कोणीतरी टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवीत असे, त्याचे तर दोनदा झाले. "आणि खिडकीतून काय दिसायचे?" मी विचारले. "खिडकी नव्हती. पण टीव्ही होता ना!"

ते जहाज कोणते, हे मी सांगणार नाही. कारण माझे भांडण कोणत्याही कंपनीशी नाही. त्या कुटुंबाचीही काही तक्रार नव्हती. जे कबूल केले होते ते सगळे त्यांना मिळाले. माझे भांडण आहे ते आपणा आईबापांशी आणि आजीआजोबांशी. मुलांना समुद्र दाखवायचा म्हणून आपण घर सोडतो आणि जेथे समुद्र सोडून बाकी सर्व काही आहे अशा ठिकाणी त्यांना नेऊन बसवतो. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच, की मुलांना समुद्र दाखवायचा असेल तर त्यांना मोठ्या जहाजावर नेऊ नका.

ही हौस आपल्याकडे तशी नवी आहे. २०१८ साली मुंबई ते गोवा 'आंग्रिया' नावाचे जहाज सुरू झाले, २०१९ साली 'कर्णिका' आले, आणि २०२० सालच्या साथीने हा सगळाच व्यवसाय बसला. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागले. फ्रान्समध्ये १९९० साली बांधलेले हे जहाज सुमारे २१० मीटर लांब आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. पाच वर्षांत क्रूझचे प्रवासी दुप्पट करावे, हे त्याचे उद्दिष्ट. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई बंदरात या जहाजांसाठी नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनलही उघडले. तेव्हा हा प्रश्न धरमपेठेतल्या एका घराचा नाही. येत्या दहा वर्षांत सुटी लागली की मध्यमवर्गातले पुष्कळ लोक याच धक्क्याकडे धावणार आहेत.

आणि ही जहाजे कोणत्या दिशेने वाढत आहेत तेही पाहावे. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचे जहाज पहिल्या सफरीला निघाले. लांबी ३६५ मीटर, मजले वीस. पूर्ण भरले तर सुमारे ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या सेवेला २,३५० नोकर. पोहण्याचे तलाव सात, पाण्याच्या घसरगुंड्या सहा. वाचकहो, सात तलाव कोठे, तर समुद्रावर! पृथ्वीवरचे सर्वांत मोठे पाणी चहूकडे पसरलेले असताना त्याकडे पाठ करून हौदात डुंबावयाचे, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याच्या व्यापारी बुद्धीला मी नमस्कार करतो. आपण मात्र त्या हौदासाठी नागपूरहून निघावे याचे मला कोडे आहे. पाण्यातल्या घसरगुंड्या नागपूरच्या वेशीवरही आहेत आणि तेथून संध्याकाळी घरी येता येते.

या जहाजांचे सारे कसब समुद्र लपवण्यात खर्ची पडते. मोठ्या जहाजात पुष्कळशा खोल्या आतल्या बाजूला असतात. त्यांना खिडकी नसते, आणि त्या सर्वांत स्वस्त म्हणून बेताच्या मिळकतीचे कुटुंब साहजिकच त्या घेते. तिकिटावर पुन्हा बंदराचे शुल्क, सेवेचे शुल्क आणि कर चढतात ते वेगळेच. म्हणजे आठशे किलोमीटर येऊन, वर्षाची शिल्लक मोडून, ज्यासाठी आलो त्याकडे भिंत करून झोपावयाचे! जहाजाच्या पोटाखाली दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे पर बसवलेले असतात. लाटेने जहाज एका अंगाला कलू लागले की यंत्र हे पर उलट फिरवून त्याला सावरते. कोणाला बोट लागू नये म्हणून ही योजना आहे आणि ती चांगलीच आहे; ओकाऱ्यांचा पुरस्कार करायला मी बसलेलो नाही. पण परिणाम असा, की समुद्र हलतो हेसुद्धा मुलाला कळत नाही. मुलांसाठी निराळा कक्ष असतो, तेथे ताई-दादा त्यांना खेळवतात. मोठ्यांसाठी निराळे कार्यक्रम असतात. जुगाराची दालने असतात, तेथे मुलांना मज्जाव. एकत्र सहलीला म्हणून निघालेले कुटुंब एकत्र येते ते जेवणाच्या टेबलावर. तेवढे तर घरीही येत होते.

समुद्रातली सर्वांत नवलाची गोष्ट कोणती? नागपूरच्या मुलाला विचाराल तर मी पैजेवर सांगतो, की भरती-ओहोटी. सकाळी येथे पाणी होते, दुपारी ते उठून गेले, संध्याकाळी परत आले, हे आमच्या कोणत्याही तलावाने आजवर केलेले नाही. आणि भर समुद्रात जहाजावरून जी मुळीच दिसू शकत नाही अशी गोष्टही तीच. पाणी चढले की जहाज चढते, पाणी उतरले की जहाज उतरते, मोजायचे कशाने? त्यासाठी पायाखाली न हलणारा किनारा लागतो, एखादा खडक लागतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याचे पोर तर घड्याळावाचून भरतीची वेळ सांगते. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता मुंबईच्या बाजूला भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. तिसरीतले मूल हे गणित करील. चंद्र, पंचांग आणि पाणी यांचा हा संबंध ज्या मुलाने वाळूत उभे राहून पडताळून पाहिला, त्याला समुद्र भेटला असे मी म्हणेन.

"तुम्ही जुनी माणसे, तुम्हाला समुद्रप्रवासाचे वावडेच," असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. समुद्रप्रवास कलिवर्ज्य ठरवणाऱ्या शास्त्रीबुवांचा मी वकील नव्हे. पण त्यांची भीती काय होती ती नीट समजून घ्या. समुद्र ओलांडला की माणूस बदलून परत येईल, ही ती भीती. आणि ती अगदी खरी ठरली! १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीत चढल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला शिकायला गेले. तेथे आणि नंतर लंडनला जे शिकले ते घेऊन परत आले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्याच नागपुरात त्यांनी लाखो माणसांचे आयुष्य बदलले. शास्त्रीबुवा घाबरले ते उगाच नव्हे. पण आजची ही सहल? शुक्रवारी चढलेला माणूस सोमवारी तसाच्या तसा उतरतो. नवी भाषा कानी पडलेली नसते, अनोळखी माणसाशी दोन शब्द झालेले नसतात, ओळखीचा नाही असा घास पोटात गेलेला नसतो. या समुद्रप्रवासाला शास्त्रीबुवांनी बिनप्रायश्चित्त परवानगी दिली असती.

याच्या उलट टोकाला जाऊन जुन्या कोकण बोटींची आरतीही मी ओवाळणार नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणाऱ्या त्या बोटींत माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि कोंबड्या एकाच डेकवर असत. बोट बंदराबाहेर खोल पाण्यात थांबे आणि पडावात उडी टाकून किनारा गाठावा लागे. त्यात काव्य शोधणाऱ्यांनी १७ जुलै १९४७ ही तारीख आठवावी. त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यात वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी कित्येक घरांतला दिवा विझला. सुरक्षितपणा ही चैन नव्हे, हे त्यांनी आपल्याला शिकवले आहे.

म्हणूनच या नव्या जहाजांवरची एक गोष्ट मला मनापासून आवडते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून ३२ माणसे गेली. त्यानंतर नियम कडक झाला. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी, फार तर सुटताक्षणीच, प्रत्येक प्रवाशाला धोक्याच्या वेळी कोठे जमायचे, तरंगण्याचे जाकीट कसे घालायचे, याचा सराव करावाच लागतो. पुष्कळ लोक या सरावाला कंटाळतात. मला वाटते, सबंध सहलीत तेवढा एकच वेळ मुलाला खरे सांगितले जाते, की बाळा, तू समुद्रावर आहेस. पुढचे तीन दिवस ते विसरायला लावण्यात जातात.

आता त्या टॉवेलाच्या हत्तीकडे वळू. तो कोण करीत असे, हे मी मुलीला विचारले. तिला ठाऊक नव्हते. तिच्या आईबापांनाही नव्हते. खोली झाडणाऱ्या माणसाने तो केलेला असतो. जगभरच्या अशा जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणची हजारो मुले कामाला आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज साथीमुळे अडकले, तेव्हा त्यावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी प्रवासी सहा आणि नोकर १३२! खलाशांच्या कामाचा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, की त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी. उरलेल्या चौदांचा हिशेब वाचकांनी करावा. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर सोडून राहिलेला एक बाप दुसऱ्याच्या मुलीसाठी टॉवेलाचा हत्ती करतो, आणि ती मुलगी हत्ती लक्षात ठेवते. दोष तिचा नाही. व्यवस्थाच अशी आहे, की खोली आवरली जाते ती आपण बाहेर असताना. ती नोकरी वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्यावर कित्येक घरे उभी आहेत. पण आपल्यासाठी कोण राबतो हे दिसूच नये अशी सोय ज्या सहलीत आहे, तिने मुलांना काय शिकवले?

"मुले आनंदात होती ना? मग झाले!" हा आणखी एक हुकमी युक्तिवाद. मुले आनंदात असतात हो! नवा फ्रिज घरी आला की दोन दिवस ती त्याच्या खोक्यात आनंदात असतात. आनंद हा मुलांचा स्वभाव आहे. त्याचे श्रेय कोणत्याही दुकानदाराने लाटू नये.

या सर्व वादात मला गप्प बसवले ते एकाच व्यक्तीने. त्या मुलीची आई माझे बोलणे शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका, तुमचं सगळं खरं असेल. पण तीन दिवस मला कोणी विचारलं नाही की आज भाजी काय, डब्यात काय. ताट समोर आलं, मी बसून जेवले, उठून गेले. समुद्र वर होता की खाली, मी पाहिलासुद्धा नाही."

यावर मला उत्तर सुचले नाही. रात्री झोपही लागली नाही. कारण क्रूझच्या बाजूने आजवर ऐकलेला प्रामाणिक असा हा एकच युक्तिवाद होता. घर चालवणाऱ्या बाईला वर्षातून तीन दिवस बसून जेवता यावे म्हणून वीस मजल्यांचे जहाज बांधावे लागत असेल, तर ती जहाजाची स्तुती नव्हे. ते आपल्या घरांवरचे आरोपपत्र आहे. त्यात मीही आरोपी आहे. चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या घरी 'आज भाजी काय' या प्रश्नाचे उत्तर मी किती वेळा दिले, याचा हिशेब मांडला तो मला येथे छापवत नाही. त्या बाईंना माझे म्हणणे पटावे असे वाटत असेल, तर पुरुषांनी आधी कढई हाती घ्यावी आणि मग समुद्राविषयी बोलावे. तोवर त्यांनी खुशाल क्रूझला जावे. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर जाईन. वृद्धांचेही तसेच. ज्यांना वाळूत चालवत नाही, जिना चढवत नाही, त्यांना जहाजावरची सोय मी नाकारणार नाही.

पण मुलांचे काय? मुलांना विश्रांती नको असते. त्यांना पाय भिजायला हवे असतात. त्यांच्यासाठी जे सुचवतो ते काही फार अवघड नाही. नागपूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला यावे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारीसुद्धा नेणारी मोठी बोट जाते. तास-सव्वा तासाचा रस्ता. तिच्या कठड्याशी उभे राहिले की तोंडावर खारा वारा येतो, समुद्र नजरेच्या टप्प्यात येतो. लहान होडीत बसायचे तर जाकीट घातल्यावाचून मुलाला पाऊल ठेवू देऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून १५ माणसे गेली, हे विसरू नये. मांडव्याहून अलिबाग जवळच. तेथे किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे, कान्होजी आंग्र्यांचे ठाणे. भरतीला तो बेट असतो; ओहोटी लागली की माणसे चालत किल्ल्यात जातात. नागपूरच्या मुलाला यापरती जादू कोणत्या जहाजावर दाखवाल? किंवा शिमग्याच्या सुमारास मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावे. तेथे गावकऱ्यांच्या घरी उतरावे, वाळूतून निघालेली कासवाची पिले समुद्राकडे चालत जातात ती पाहावी. त्या घरी स्वयंपाक करणारीही बाईच असते, हे मी विसरलेलो नाही. पण ती समोर असते, तिच्याशी बोलता येते आणि जेवून उठल्यावर मुलांना आपले ताट उचलायला सांगता येते.

जाता जाता त्या मुलीसाठी एक गणित. या दिवाळीत भाऊबिजेला ते तिला घालणार आहे. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास, आणि ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणून पाणी पुष्कळच मागे हटलेले. स्थानिक कोळ्याला विचारून, वेळेवर परत फिरण्याचे भान ठेवून, सकाळी चपला हातात घ्यायच्या आणि किल्ल्याकडे चालू लागायचे.

तिच्या वडिलांना मी सुचवून ठेवले आहे. ते "बघू" म्हणाले. आईने मात्र सरळ विचारले, "तिथं डबा कोण करणार?" मी म्हटले, "मी येतो बरोबर. पोहे मला बरे जमतात."